घरचे आरोग्य : थेंब घातल्यावर अंधारून का येते?



ज्या घरात काचबिंदूचे औषध चालू आहे त्या घरात एक तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. औषध सुरू करण्याआधी म्हातारा माणूस दिवेलागणीपर्यंत शेतातून एकटा चालत येत असतो. औषध सुरू झाले आणि पाच-साडेपाचलाच त्याला सगळे धूसर दिसू लागते. दोन-चार आठवडे तो सोसतो. मग एक दिवस बाटली कोनाड्यात जाऊन बसते.

सून विचारते, "मामंजी, आज थेंब राहिले का?"

"राहू दे गं सूनबाई. थेंब नाही घातले की बरे दिसते."

मंडळी, मामंजी म्हणतात ते खोटे नाही. थेंब चुकवले तर त्या संध्याकाळी त्यांना खरोखरच बरे दिसते. आणि नेमका इथेच माणूस फसतो. थेंबांनी येणारा अंधार सहा-आठ तासांचा असतो. थेंब सोडल्याने येणारा अंधार कायमचा. दोन्ही अंधार सुरुवातीला सारखेच वाटतात, म्हणून त्यांतला फरक घरातल्या सगळ्यांनी समजून घेतला पाहिजे. आजचा लेख त्यासाठीच आहे.

आधी बाटलीवरचे नाव वाचा

काचबिंदूचे सगळेच थेंब असा अंधार आणत नाहीत. डोळ्याची बाहुली बारीक करणारे मुख्य औषध म्हणजे पिलोकार्पिन. शंभर वर्षे काचबिंदूवर त्याचाच मोठा आधार होता. १९७८ च्या सुमारास टिमोलॉल आले, १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्ट आले, आणि पिलोकार्पिन मागे पडले. टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट यांनी बाहुली बारीक होत नाही, म्हणून आज डॉक्टर बहुधा तीच लिहून देतात. तरी पिलोकार्पिन गेलेले नाही. डोळ्याचा आतला कोपरा अरुंद असेल तेव्हा, लेसरचा उपचार करण्याआधी, किंवा बाकीची औषधे पुरेनाशी झाली की ते आजही द्यावे लागते.

तेव्हा पहिले काम हे की बाटलीवरचे नाव घरातल्या शिकणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. नाव पिलोकार्पिन असेल तर पुढचे सगळे तुमच्यासाठीच आहे. नाव दुसरे असेल आणि तरीही नजर अंधारत असेल, तर थेंबांना दोष देऊन बसू नका. त्याचे कारण दुसरे असणार. तसेच तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

बाहुली म्हणजे झरोका

डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो ती बाहुली. तो ठिपका म्हणजे काही वस्तू नव्हे, ते एक भोक आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत उजेड जाण्याचा तो झरोका. भोवतीचा तपकिरी रंगाचा पडदा हा झरोका लहानमोठा करतो. उन्हात तो दोन ते चार मिलिमीटर असतो, अंधारात चार ते आठ मिलिमीटरपर्यंत मोठा होतो. उन्हातून माजघरात शिरल्यावर आधी काही दिसत नाही आणि मग हळूहळू दिसू लागते, त्याचे एक कारण हेच. झरोका मोठा व्हायला थोडा वेळ लागतो.

चंचीची दोरी ओढली की तिचे तोंड जसे आवळते, तसे पिलोकार्पिन ही बाहुली आवळून धरते. मग बाहेर ऊन असो की अंधार, झरोका उघडत नाही. तो दोन मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक राहतो.

आता हिशेब पाहा. एरवी दिवेलागणीला बाहुली सहा मिलिमीटरची झाली असती, ती दोनवरच राहिली. तिसरा हिस्सा झाली, म्हणजे उजेडही तिसरा हिस्सा, असे आपल्याला वाटते. तसे नाही. तीन इंची पाइपाच्या तोंडाएवढी जागा भरायची तर एक इंची पाइपाची नऊ तोंडे लागतात. तसाच हा हिशेब. उजेड तिसऱ्या हिश्शावर नव्हे, नवव्या हिश्शावर येतो. भर दुपारी उजेडाची चंगळ असते, म्हणून फारसे जाणवत नाही. सांजावले की मात्र एकदम अंधारून येते.

मग बाहुली बारीक करायचीच कशाला?

डोळ्याच्या पुढच्या भागात स्वच्छ पाणी सतत पाझरत असते. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत, ते आतल्या आत असते. तपकिरी पडद्याच्या कडेला, कोपऱ्यात, एक बारीक जाळी आहे. तिच्यातून हे पाणी निघून जाते. जेवढे येते तेवढे जाते, म्हणून डोळ्यातला दाब एका मापात राहतो. हे माप साधारण १० ते २१ असते. याचा अंगातल्या रक्तदाबाच्या आकड्याशी घोटाळा करू नका. ही मोजणी वेगळी.

जाळी बुजत आली, किंवा पडदाच सरकून कोपऱ्यात चिकटला, की पाणी तुंबते. शेतातला चर बुजला की पाणी बांधाला रेटते आणि बांधाचा जो भाग कच्चा तिथे आधी इजा होते. डोळ्यात हा कच्चा भाग म्हणजे मागची नस, जी दिसलेले चित्र मेंदूकडे नेते. तिचे धागे एकेक करून सुकतात. एकदा सुकलेला धागा पुन्हा हिरवा होत नाही. मोतीबिंदू काढून नजर परत येते, पण काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही.

आपल्यात म्हणतात की दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते. काचबिंदू बहुधा येतोच मुंगीच्या पायाने, आणि जात मात्र नाही. आधी कडेची नजर जाते. समोरचे स्वच्छ दिसत असते, म्हणून माणसाला काहीच कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही. कळते तेव्हा बरेचसे गेलेले असते.

पिलोकार्पिनने बाहुली आवळते, आणि त्याच वेळी आतला आणखी एक स्नायूही आवळतो. तो कोपऱ्यातल्या जाळीला ताण देतो आणि तिची मिटत आलेली भोके उघडतात. पडदा कोपऱ्यात चिकटू पाहत असेल तर तोही ताणला जाऊन बाजूला होतो. पाण्याला वाट मिळते, दाब उतरतो. म्हणजे बाहुली बारीक होणे हा औषधाचा दोष नव्हे. ज्या ओढीने चर मोकळा होतो, त्याच ओढीने झरोका लहान होतो.

नजरेत काय काय बदल होतात?

थेंब घातल्यापासून अर्ध्या तासाच्या आत बाहुली बारीक होते. परिणाम सहा-आठ तास टिकतो, म्हणून हे थेंब दिवसातून तीन-चार वेळा घालायला सांगतात. या काळात पुढील गोष्टी जाणवतात.

एक, कमी उजेडात कमी दिसणे. याचे कारण वर सांगितले आहे.

दोन, लांबचे धूसर होणे. आतला स्नायू आवळला की डोळ्यातले भिंग फुगीर होते आणि नजर जवळच्या अंतरावर बसते. समोरून येणारी एसटी दिसते, पण पाटी वाचता येत नाही. हा त्रास चाळिशीच्या आतल्या माणसाला जास्त होतो. म्हाताऱ्या माणसाचे भिंग घट्ट झालेले असते, म्हणून त्याला कमी.

तीन, भुवईवर, कपाळात ठणका लागणे. स्नायूला सवय नसते, म्हणून पहिले काही दिवस असे होते. पुढे हळूहळू कमी होते.

चार, मोतीबिंदू असेल तर नजर आणखी मंदावणे. कंदिलाच्या काचेवर मधोमध काजळी धरली असेल आणि कडेची काच स्वच्छ असेल, तर कडेने उजेड येतो. पण कडा झाकून फक्त मधलाच भाग उघडा ठेवला तर? बारीक बाहुलीने तसेच होते. ज्यांचा मोतीबिंदू भिंगाच्या मध्यावर आहे त्यांना थेंबांचा त्रास सगळ्यांत जास्त होतो. डॉक्टरांना हे जरूर सांगावे. औषध बदलता येते, मोतीबिंदूही काढता येतो.

पाच, जवळचे बारीक अक्षर मात्र अधिक स्पष्ट दिसणे. हे ऐकून नवल वाटेल, पण बारीक झरोक्यातून येणारी किरणे कमी विखुरतात, म्हणून चित्र रेखीव उमटते. सुई ओवताना आपण डोळे बारीक करतो ते याचसाठी.

या पाचांपैकी काहीही झाले तरी घाबरण्याचे कारण नाही. पण डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखे होणे, एकाएकी काळे ठिपके नाचू लागणे, किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखे दिसणे, यांतले काही झाले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आतला पडदा सुटत असल्याची ती खूण असू शकते. हे क्वचित होते. ज्यांना लांबचे पाहायला जाड भिंगाचा चष्मा लागतो त्यांनी विशेष जपावे.

पोस्टकार्डाचा प्रयोग

घरातल्या धडधाकट माणसाला हे बोलून कळणार नाही. म्हणून एक प्रयोग करा. जुने पोस्टकार्ड घ्या आणि बाभळीच्या काट्याने त्याला मधोमध एक भोक पाडा. भर दुपारी ओसरीवर बसून एक डोळा मिटा, दुसऱ्याला ते कार्ड लावा आणि भोकातून पंचांग वाचा. अक्षर छान स्पष्ट दिसेल, चाळिशीचा चष्मा विसरलेल्यालाही दिसेल.

मग तेच कार्ड घेऊन दिवेलागणीला गोठ्याच्या दारात बसा आणि आत पाहा. चालू नका, बसूनच पाहा. गाय कुठली आणि खुंटा कुठला ते कळणार नाही. कार्ड डोळ्यापासून थोडे दूर असते, म्हणून कार्डातून आजूबाजूचे कमी दिसते. थेंबांनी तेवढे आकुंचन होत नाही. पण उजेडाचा फरक कळायला हे पुरे. मामंजी सांजेला पाण्याचा तांब्या का सांडतात, उंबऱ्यावर का अडखळतात, ते सगळ्यांना समजेल. आणि मग त्यांना कोणी "दिसत नाही का?" असे खेकसून बोलणार नाही.

चष्मा सोडवणारे थेंब

बारीक झरोक्याने जवळचे स्पष्ट दिसते, याचाच उपयोग करून चाळिशीच्या चष्म्याऐवजी पिलोकार्पिनचे थेंब काढले गेले. अमेरिकेत अशा थेंबांना २०२१ साली मंजुरी मिळाली. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या एका कंपनीच्या थेंबांना केंद्राच्या औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली, आणि चष्मा आता सुटणार अशा बातम्या गावोगावच्या मोबाइलवर फिरल्या. पण मंजुरीत नसलेले दावे कंपनीने केले, असे म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये ती परवानगी स्थगित करण्यात आली.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. असे थेंब चाळिशी बरी करीत नाहीत, काही तासांपुरती सोय करतात. बाहुली त्यांनीही बारीक होते, म्हणून रात्री गाडी चालवताना, अंधारात काम करताना तोच धोका. जाहिरात पाहून किंवा शेजाऱ्याची बाटली मागून असे थेंब कधीही घालू नयेत. वाचण्यासाठी साधा चष्मा स्वस्तही आहे आणि निर्धोकही.

एका विषारी बीची गोष्ट

बाहुली बारीक करणाऱ्या औषधांचा शोध कसा लागला, हे शेतकऱ्याने ऐकण्यासारखे आहे, कारण त्याचा धागा आपल्या फवारणीच्या पंपापर्यंत येतो.

आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, कालाबार नावाचा मुलूख आहे. तिथे एका वेलीच्या बिया संशयित गुन्हेगाराला खायला देत. ओकून वाचला तो निर्दोष, मेला तो गुन्हेगार, असा तो न्याय. १८६० नंतरच्या काही वर्षांत स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरी डॉ. थॉमस फ्रेझर यांनी या बीचा अभ्यास केला आणि तिने बाहुली आवळते हे दाखवले. १८६३ साली त्याच शहरातले नेत्रवैद्य डग्लस आर्गाइल रॉबर्टसन यांनी तिचा अर्क स्वतःच्या डोळ्यात घालून पाहिला. बाहुली बारीक झाली आणि लांबचे दिसणे बिघडले, जवळचेच तेवढे नीट दिसू लागले. म्हणजे मामंजींची तक्रार दीडशे वर्षांहूनही जुनी आहे. पुढे १८७६ साली स्ट्रासबर्गचे नेत्रवैद्य लुडविग लाकर यांनी हे औषध काचबिंदूवर वापरले. त्यांना स्वतःलाच काचबिंदू होता.

पिलोकार्पिन मात्र दुसऱ्या झाडाचे. ब्राझीलमधल्या जाबोरांडी नावाच्या झुडपाच्या पानांत ते असते. १८७५ साली ते वेगळे काढण्यात आले आणि दोनेक वर्षांतच काचबिंदूवर वापरात आले.

दोघांच्या कामाची रीत निराळी आहे. शरीरातल्या नसा स्नायूला काम करण्याचा निरोप पाठवतात, आणि काम झाले की तो निरोप पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरातच असते. मोटर चालू करायला एक माणूस आणि बंद करायला दुसरा, असे समजा. पिलोकार्पिन डोळ्यापुरते बटण दाबते. कालाबारची बी मात्र बंद करणाऱ्या माणसालाच बांधून ठेवते. मोटर चालूच राहते.

फवारणी आणि बारीक बाहुली

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके नेमके हेच करतात. ती किडीच्या शरीरातल्या बंद करणाऱ्या माणसाला बांधून ठेवतात, म्हणून कीड मरते. हीच औषधे आपल्या कातडीतून, श्वासातून अंगात गेली तर आपल्यालाही तेच होते. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, नजर धूसर आणि अंधारी होते. त्याबरोबर दरदरून घाम येतो, तोंडाला लाळ सुटते, डोळे पाझरतात, मळमळते, पोटात मुरडा येतो, अंगातले स्नायू फडफडतात, छाती भरून येते.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले आणि अनेकांचा जीव गेला. तिथे वापरलेली औषधे नाना प्रकारची होती, मिश्रणेही होती. दोष एकाच औषधाचा नव्हता. पण फवारणी करता करता नजर अंधारली, तर "ऊन लागले असेल" म्हणून बांधावर आडवे होऊ नये, हे त्यातून प्रत्येक घराने शिकले पाहिजे.

असे झाले की माणसाला फवारलेल्या शेतातून बाहेर आणा. कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, डोळ्यात उडाले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा किंवा त्याचे लेबल बरोबर न्या. दवाखान्यात अॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. त्याचे काम या विषाच्या उलट. आपल्या धोत्र्यातही त्याच जातीचे द्रव्य असते. म्हणून धोत्रा उपटताना तोच हात डोळ्याला लागला, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होऊन राहते. पण म्हणून विषबाधेवर घरी धोत्रा देण्याचा विचारही करू नका. तो स्वतःच जालीम विष आहे, त्याचे माप घरी कोणालाच ठरवता येत नाही.

ज्याला पिलोकार्पिनचे थेंब चालू आहेत त्याने फवारणी शक्यतो करूच नये. त्याची बाहुली रोजच बारीक, त्यामुळे धोक्याची एक मोठी खूण त्याच्या बाबतीत ओळखता येत नाही. दवाखान्यात नेताना "यांना डोळ्याचे हे थेंब चालू आहेत" असे डॉक्टरांना आधी सांगावे.

थेंब चालू असलेल्या घरासाठी

१. थेंब मनाने बंद करू नका, मनाने वाढवूही नका. जास्त थेंबांनी दाब जास्त उतरत नाही. उलट घाम, लाळ, मळमळ सुरू होते. दमेकऱ्याला दमा उठू शकतो.

२. दमा असेल तर कोणतेही थेंब सुरू करताना डॉक्टरांना आधी सांगा. टिमोलॉल तर दमेकऱ्याला चालतच नाही.

३. अंधारातली कामे दुसऱ्याकडे द्या. शेतीची वीज रात्री येत असेल तर पाण्याची पाळी धाकट्यांनी घ्यावी. रात्री विहिरीच्या काठावर, मोटरसायकलवर, ट्रॅक्टरवर थेंबवाल्या माणसाने जाऊ नये. कडबाकुट्टी सांजेनंतर त्याच्या हाती देऊ नये. कडबाकुट्टी बोट पाहत नाही.

४. गोठ्यात आणि न्हाणीच्या वाटेवर दिवा हवा. उंबऱ्याच्या आणि पायरीच्या कडेला चुन्याचा पांढरा पट्टा ओढा. उशाशी विजेरी ठेवा. उन्हातून घरात आल्यावर दारात घटकाभर थांबून मग आत जावे.

५. थेंब घालताना बाटलीचे टोक डोळ्याला लावू नका. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका, डोळा मिटा आणि नाकाच्या बाजूचा डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. त्याने औषध नाकातून घशात उतरत नाही. दोन प्रकारचे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.

६. बाटली फोडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. महिना झाला की उरलेले औषध टाकून द्या.

७. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर पिलोकार्पिन किती वर्षे चालू आहे ते डॉक्टरांना सांगा. वर्षानुवर्षे आवळलेली बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी नीट उघडत नाही. डॉक्टरांना आधी माहीत असले की ते तशी तयारी ठेवतात.

८. एकाएकी डोळा लाल होऊन असह्य ठणकला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली, त्याबरोबर उलट्या झाल्या, तर ते पित्त समजून घरी थांबू नका. तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्यात काही तासांतही डोळा जातो.

थेंबांचा त्रास फारच होत असेल तर डॉक्टरांना तो मोकळेपणाने सांगा. "थेंब घातले की सांजेला दिसत नाही, माझे काम सांजेचे आहे," एवढे स्पष्ट सांगितले तर ते थेंबांची वेळ बदलून देतील, दुसरे औषध देतील, किंवा लेसरचा, शस्त्रक्रियेचा मार्ग सुचवतील. आज मार्ग पुष्कळ आहेत. पण रोगी गुपचूप औषध सोडून बसला, तर डॉक्टर तरी काय करणार? पुढच्या खेपेला दाब वाढलेला दिसतो, डॉक्टर समजतात औषध लागू पडले नाही, आणि रोगी खरे सांगायला लाजतो. नुकसान शेवटी नजरेचेच.

एक गोष्ट मुलाबाळांची. काचबिंदू घराण्यात उतरतो. ज्या घरात एकाला काचबिंदू आहे तिथल्या सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी, चाळिशी आली की काही त्रास नसला तरी डोळ्यातला दाब आणि मागची नस तपासून घ्यावी. जिल्हा रुग्णालयात नेत्रविभाग असतो. तपासणीत बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतील. हे अगदी उलटे औषध आहे. त्याने काही तास उन्हात डोळे दिपतात आणि जवळचे वाचता येत नाही. म्हणून त्या दिवशी गाडी स्वतः चालवत जाऊ नये, कोणाला तरी सोबत घ्यावे. मामंजींना महिन्याची बाटली आणायला नेणार असाल, तर त्याच खेपेला मुलानेही स्वतःचे डोळे दाखवून यावे. तालुक्याची एक फेरी वाचते आणि, वेळेवर कळले तर, पुढच्या पिढीची नजरही.